अंगठ्याचा ठणका आणि चुकलेली गोळी : एक प्रकरण अभ्यास

रात्री अडीचच्या सुमाराला उजव्या पायाच्या अंगठ्यात कळ उठली. तासाभरात ती इतकी वाढली की पांघरलेली चादर अंगठ्याला नुसती टेकली तरी सहन होईना. रुग्ण ५४ वर्षांचा पुरुष, वजन ८६ किलो. रक्तदाबासाठी पाच वर्षं रोज सकाळी एक गोळी, तिच्यात टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिग्रॅ. कुठे ठेच लागलेली नाही, पाय मुरगळलेला नाही. मागच्या दहा महिन्यांत याच पायाला असंच दोनदा झालं होतं, एकदा घोट्याला आणि एकदा याच अंगठ्याला. दोन्ही वेळा ‘मुरगळला असेल’ म्हणून सोडून दिलं आणि आठ-दहा दिवसांत दुखणं आपोआप गेलं.

(हा गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताचा, रुग्ण नमुन्यादाखल उभा केला आहे, त्याचे तपासणीचे आकडेही त्याच्यासोबतच बेतलेले आहेत. औषधांचे डोस आणि दाहाची यंत्रणा मात्र जशी आहे तशीच दिली आहे.)

घरचे छप्पन्न तास

पहाटे पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ. घेतली, फारसा फरक नाही. मग गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. ठणका वाढला, सूज पावलाच्या मध्यापर्यंत आली. सकाळी घरात पडून असलेली डायक्लोफेनॅक ५० मिग्रॅ. सुरू केली, दिवसातून तीनदा. दुसऱ्या दिवशी थोडा उतार पडला, पण पुरेसा नाही, म्हणून मधल्या वेळेत आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ.ही घ्यायला लागला. शिवाय एक गोष्ट त्याने विचारल्याशिवाय सांगितली नाही. संडास-बाथरूमपर्यंत चालणं नको म्हणून त्याने दोन दिवस पाणीच जेमतेम प्यायलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो तपासणीला आला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा लालसर-जांभळा, तकतकीत आणि हाताला गरम लागत होता. ताप ३७.९ अंश सेल्सिअस. रक्तदाब १६४/९६, एरवी तो १३०च्या आसपास असायचा. दोन्ही घोट्यांवर बोटाने दाबलं की खळगा पडत होता. छातीत जळजळ. रक्तात पांढऱ्या पेशी १२,४००, सीआरपी, म्हणजे दाह किती आहे हे सांगणारं प्रथिन, ७४ मिग्रॅ. प्रति लिटर. किडनीचं काम मंदावलं की चढणारं क्रिएटिनिन १.६, चार महिन्यांपूर्वी ते १.१ होतं. युरिक ॲसिड ६.४.

या यादीत घात करणारे आकडे दोन आहेत, युरिक ॲसिडचा आणि क्रिएटिनिनचा. पहिला नॉर्मल दिसतो म्हणून निदान चुकतं, दुसरा पाहिलाच नाही तर उपचार चुकतो.

अंगठ्यात नेमकं काय चाललं होतं

शरीराच्या ३७ अंश तापमानाला रक्तात युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचा क्षार, साधारण ६.८ मिग्रॅ. प्रति डेसिलिटरपर्यंत विरघळलेलं राहतं. तापमान उतरलं की ही मर्यादाही उतरते, ३० अंशांना ती पाचच्याही खाली येते. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, शरीरातल्या थंड सांध्यांपैकी एक आणि दिवसभर वजन झेलणारा. रात्री पाणी पोटात जात नाही, पाय गार पडतात, आणि दाहाला आवर घालणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी असतं. गाऊटचा झटका बहुधा रात्रीच का येतो, ते यावरून कळतं.

सांध्यात सुईसारखे युरेटचे स्फटिक महिनोन्महिने गप्प पडलेले असू शकतात. त्यातले काही सुटे झाले की तिथल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळायला जातात, आणि गिळलेला स्फटिक पचत नाही. पेशीच्या आत इन्फ्लमेझोम नावाची प्रथिनांची जुळणी होते आणि ती इंटरल्युकिन-१ बीटा हा रेणू बाहेर सोडते. हा मार्ग २००६ साली स्पष्ट झाला. स्फटिकच दोषी आहेत हे मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९६२ साली, फेअर्स आणि मॅकार्टी या दोन डॉक्टरांनी स्वतःवर दाखवलं होतं. युरेटचे स्फटिक त्यांनी आपापल्या गुडघ्यात टोचून घेतले आणि काही तासांत दोघेही वेदनेने बेजार झाले.

इंटरल्युकिनची हाक गेली की रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी झुंडीने सांध्यात उतरतात. लाली, गरमपणा आणि सूज इथवर जुळून येतात. वेदना हा चौथा भाग, आणि त्यात एकाहून अधिक धागे आहेत.

पहिला धागा प्रोस्टाग्लँडिन ई-२चा. पेशींच्या आवरणातून सुटलेल्या ॲराकिडोनिक आम्लावर सायक्लोऑक्सिजिनेज, म्हणजे कॉक्स, हे एन्झाइम काम करतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. गंमत अशी की प्रोस्टाग्लँडिन स्वतः फारसं दुखवत नाही. ते चेतातंतूच्या टोकाचा उंबरठा खाली आणतं. उष्णता ओळखणारी टीआरपीव्ही-१ नावाची वाहिनी एरवी ४३ अंशांच्या वर उघडते. दाह झालेल्या जागी ती शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच उघडू लागते, म्हणून सांधा ‘भाजल्यासारखा’ लागतो. सोडियमच्या वाहिन्याही हलक्याशा धक्क्याला उघडतात, म्हणून चादरीचा स्पर्शसुद्धा कळ होऊन मेंदूपर्यंत पोचतो.

दुसरा धागा ब्रॅडिकायनिनचा. ते चेतातंतूला थेट डिवचतं. तिसरा दाबाचा. अंगठ्याचा सांधा एवढासा, आवरण घट्ट, आत द्रव साठला की आवरण ताणलं जातं. निरोगी सांध्यात काही चेतातंतू असे असतात की कितीही हलवा, ते काहीच कळवत नाहीत. दाह सुरू झाला की हे झोपलेले तंतूही जागे होतात. आणि चेतातंतू फक्त बातमी नेतात असंही नाही. त्यांच्या टोकांतून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी हे रेणू बाहेर पडतात, त्यांनी रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात. म्हणजे दुखण्यातून दाह आणि दाहातून दुखणं, असं चक्र सुरू होतं. दोन-तीन दिवस हा मारा चालला की मज्जारज्जूतल्या पेशीही हळव्या होतात आणि सांध्याभोवतीची धडधाकट कातडीसुद्धा दुखू लागते.

वेदनाशामक निवडताना प्रश्न एवढाच असतो की यातला कोणता धागा तोडायचा, आणि तो तोडताना याच माणसाच्या शरीरात दुसरं काय तुटेल.

घरचे उपाय का फसले

पॅरासिटामॉल ताप उतरवते, डोकेदुखीला चांगली. दाह पेटलेल्या सांध्यात मात्र पेरॉक्साइडचं प्रमाण इतकं असतं की तिथे तिचा कॉक्सवर फारसा जोर चालत नाही. गोळी खराब नव्हती, जागा चुकीची होती.

गरम शेक जुनाट, आखडलेल्या स्नायूला बरा वाटतो. ताज्या दाहात तो आधीच रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आणखी रुंदावतो, सूज वाढते आणि टीआरपीव्ही-१ला तर आयतं निमंत्रणच. उलट बर्फाचा उपयोग होतो. २००२ साली १९ रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत दोन्ही गटांना तेच औषध दिलं होतं, आणि ज्यांना सोबत बर्फ दिला त्यांचं दुखणं अधिक उतरलं. थंडीने युरेट जमतं तर मग बर्फ कसा चालतो, अशी शंका इथे येणारच. झटका आला तेव्हा स्फटिक बाहेर पडून झालेले असतात. त्या क्षणी मिळणारा फायदा चेतातंतू मंदावण्याचा आणि रक्तवाहिन्या आवळण्याचा असतो.

डायक्लोफेनॅक योग्य वर्गातली गोळी होती. कॉक्स अडवून प्रोस्टाग्लँडिन थांबवायचं हे या वर्गाचं काम. जॉन वेन यांनी १९७१ साली ॲस्पिरिनबाबत ते दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. किडनी ठीक असलेल्या, अल्सर नसलेल्या माणसाला झटक्याच्या पहिल्या दिवशी पूर्ण डोसची नॅप्रोक्सेन ५०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा दिली तर ती उत्तम चालते. या रुग्णाची अडचण वेगळी होती.

किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि नेणारी दुसरी. गाळण्यासाठी आत दाब हवा. शरीरात पाणी कमी पडलं की आणणारी वाहिनी उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं आणि नेणारी आवळून धरण्याचं काम अँजिओटेन्सिन करतं. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या टेल्मिसार्टनने नेणारी वाहिनी सैल केलेली. हायड्रोक्लोरोथायझाइडने आणि दोन दिवसांच्या तहानेने पाणी कमी केलेलं. उरला होता एक आधार, आणणाऱ्या वाहिनीचा. डायक्लोफेनॅकने तोही काढून घेतला. दाब पडला, क्रिएटिनिन चढलं. मीठ-पाणी अडल्यामुळे घोटे सुजले आणि रक्तदाब उसळला. अंगठ्यातलं प्रोस्टाग्लँडिन आणि किडनीतलं प्रोस्टाग्लँडिन यांत गोळीला फरक कळत नाही.

वर आयब्युप्रोफेन घेतल्याने वेदनाशमन दुप्पट झालं नाही. दोन्ही गोळ्या त्याच एन्झाइमवर काम करतात, आणि ते एकदा पुरेसं अडलं की पुढच्या गोळीला तिथे काम उरत नाही. पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करणारं प्रोस्टाग्लँडिन मात्र अधिकच घटतं. छातीतली जळजळ त्याची खूण होती. वेगवेगळ्या नावांच्या पाकिटांत हेच घटक पॅरासिटामॉलसोबत मिसळून येतात, त्यामुळे अशी दुप्पट मात्रा नकळत घेणारे कमी नाहीत. पाकिटावरचं मोठं नाव सोडून खालच्या बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचायची सवय हवी.

निदान पक्कं करताना

लाल, गरम, सुजलेला एकच सांधा आणि सोबत ताप म्हटलं की सांध्यातला जंतुसंसर्ग आधी वगळावा लागतो. तो असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर काही दिवसांत कूर्चा गेली समजा. म्हणून बारीक सुईने सांध्यातून द्रव काढला. अंगठ्यातून मिळतो एखादा थेंबच, पण पुरतो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आत शिरलेले सुईसारखे स्फटिक दिसले, प्रकाशाच्या अक्षाला समांतर असताना पिवळे आणि आडवे असताना निळे. ही युरेटची ओळख. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे द्रव रंगवून पाहिल्यावर, जंतू नव्हते, ते वाढतात का हे पाहायला कल्चर लावून ठेवलं. स्फटिक दिसले म्हणजे संसर्ग नाहीच असं मात्र समजू नये, दोन्ही एकत्र असू शकतात. थंडी वाजून चढणारा ताप, मधुमेह, सांध्याजवळची जखम किंवा नुकतंच सांध्यात घेतलेलं इंजेक्शन यांपैकी काही असतं तर कल्चरचा निकाल येईपर्यंत स्टेरॉइड थांबवलं असतं.

आणि ते ६.४? झटका चालू असताना दाहातल्या रेणूंमुळे किडनी जास्त युरेट बाहेर टाकते, त्यामुळे रक्तातला आकडा खाली येतो. खरा आकडा झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कळतो.

काय दिलं, काय बंद केलं

डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन त्याच क्षणी बंद. टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळीही तात्पुरती थांबवली आणि रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ. सुरू केली. (ॲम्लोडिपिननेही घोटे सुजू शकतात. पुढच्या भेटीत सूज दिसली तर ती कशाची हा गोंधळ होऊ नये म्हणून हे नोंदवून ठेवलं.) पोटासाठी पँटोप्राझोल ४० मिग्रॅ. सकाळी उपाशीपोटी, दोन आठवडे. पाणी प्यायला लावलं, बिछान्याजवळ लघवीचं भांडं ठेवलं. ही साधी सोय पहिल्याच रात्री असती तर किडनीवरचं अर्धं ओझं टळलं असतं.

वेदनेसाठी तीन पर्याय समोर होते.

कोल्चिसिन : ही गोळी न्यूट्रोफिलची हालचाल आणि इन्फ्लमेझोमची जुळणी रोखते. डोस १ मिग्रॅ. आणि तासाभराने ०.५ मिग्रॅ. बस. पूर्वी दर तासाला, जुलाब लागेपर्यंत गोळ्या देत. २०१० च्या एका चाचणीत सहा तासांतल्या ४.८ मिग्रॅ. इतकाच उपयोग तासाभरातल्या १.८ मिग्रॅ.चा झाला आणि जुलाब होणारे रुग्ण सुमारे तीन-चतुर्थांशांवरून पाव हिश्शावर आले. पण ती चालते पहिल्या १२ तासांत, फार तर ३६ तासांपर्यंत. इथे छप्पन्न उलटले होते आणि किडनी दमलेली होती. शिवाय क्लॅरिथ्रोमायसिन, व्हेरापामिल यांसारखी औषधं चालू असतील तर कोल्चिसिन रक्तात साठून जिवावर बेतू शकतं. हा प्रश्न विचारायचा कधीच विसरू नये.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन : एकच सांधा धरलेला असेल तर सर्वांत नेमका उपाय हाच, कारण बाकी शरीराला त्याचा उपद्रव कमी. रुग्ण दुसऱ्या सुईला तयार झाला नाही. एकदा टोचून घेतलेल्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिल्यावर त्याला दोष देता येत नाही.

उरली प्रेडनिसोलोन, ३० मिग्रॅ. सकाळी नाश्त्यानंतर, पाच दिवस. ३५ मिग्रॅ. प्रेडनिसोलोन रोज आणि ५०० मिग्रॅ. नॅप्रोक्सेन दोनदा, असे पाच-पाच दिवस दिल्यावर दोन्हींचा गुण सारखाच, हे २००८ साली दिसून आलेलं आहे. स्टेरॉइड पेशीच्या केंद्रकात जाऊन कॉक्स-२ आणि इंटरल्युकिन यांचं उत्पादनच मंदावतं, म्हणजे अनेक धागे एकदम सैल होतात. त्याला काही तास लागतात, त्यामुळे पहिल्या दुपारी ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून घाबरायचं नाही. सकाळीच द्यायची, संध्याकाळी घेतली तर झोप उडते. साखर आणि रक्तदाब चढू शकतो, म्हणून रोज मोजायचं. पाच दिवसांचा कोर्स हळूहळू कमी न करता थेट थांबवता येतो. पुन्हा ठणका लागला तर मात्र स्वतःच्या मनाने लांबवायचा नाही.

सोबत बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून २० ते ३० मिनिटं, दिवसातून चारदा. थेट कातडीवर नाही. पाय उशीवर, आणि पायथ्याशी पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यावर चादर, म्हणजे ती अंगठ्याला टेकत नाही. किडनीच्या दृष्टीने पॅरासिटामॉल मधूनमधून चालू ठेवायला हरकत नव्हती, पण तिची गरज दोनदाच पडली.

पुढचे दिवस

वेदना दहापैकी नऊ होती. पहिल्या संध्याकाळी सहा. तिसऱ्या सकाळी दोन, पाय टेकवून चालता आलं. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. जेवणानंतरची साखर तिसऱ्या दिवशी १९० झाली आणि कोर्स संपल्यावर उतरली. सहाव्या दिवशी अंगठ्यावरची कातडी पापुद्रे सुटून निघू लागली. रुग्ण घाबरला, पण सूज ओसरताना असं होतंच. रक्तदाब १४२/८८. बाराव्या दिवशी क्रिएटिनिन १.२.

गाऊटचा झटका काहीच केलं नाही तरी बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत विझतो. सांध्यात मेलेल्या न्यूट्रोफिलची जाळी एकमेकांत अडकून गोळे होतात आणि त्यांत दाहाचे रेणू विघटित होतात. म्हणूनच सातव्या-आठव्या दिवशी जो कुठला लेप, काढा किंवा तोडगा केलेला असतो, श्रेय त्याच्या खात्यात जमा होतं.

तीन आठवड्यांनी युरिक ॲसिड पुन्हा तपासलं, ८.७. वर्षात दोन किंवा अधिक झटके आले की मूळ कारणावर औषध सुरू करावं असा सर्वमान्य निकष आहे, इथे तीन झाले होते. हायड्रोक्लोरोथायझाइड युरिक ॲसिड वाढवतं, ते कायमचं बंद केलं. क्रिएटिनिन १.१ वर स्थिरावल्यावर टेल्मिसार्टनऐवजी लोसार्टन ५० मिग्रॅ. दिली, कारण रक्तदाबाच्या या गटात लोसार्टन लघवीतून युरेट बाहेर टाकायलाही मदत करते.

युरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉल १०० मिग्रॅ.ने सुरू केली आणि दर चार आठवड्यांनी १०० मिग्रॅ. वाढवली. ध्येय ६च्या खाली. सोबत कोल्चिसिन ०.५ मिग्रॅ. रोज एक, सहा महिने. ती कशासाठी हे रुग्णाला दोनदा समजावून सांगावं लागतं. युरिक ॲसिड उतरू लागलं की जुने स्फटिक विरघळताना सुटे होतात आणि सुरुवातीला झटके उलट वाढू शकतात. नेमकं तसंच झालं. पाचव्या आठवड्यात घोट्यात हलका ठणका आला आणि त्याने फोन करून विचारलं, ॲलोप्युरिनॉल बंद करू का? बंद केली की पातळी पुन्हा वर आणि सगळं पहिल्यापासून. ती चालू ठेवून प्रेडनिसोलोनचा तोच पाच दिवसांचा कोर्स दिला. फक्त एका बाबतीत वाट पाहायची नाही, लगेच गोळी बंद करून यायचं : अंगावर पुरळ, विशेषतः ताप किंवा तोंडात फोड यांसोबत. पहिल्या काही महिन्यांत येणारी ही प्रतिक्रिया क्वचित दिसते, पण दिसली तर गंभीर असते.

सहाव्या महिन्यात ॲलोप्युरिनॉल ३०० मिग्रॅ.वर युरिक ॲसिड ५.४, क्रिएटिनिन १.१, दोन महिने झटका नाही. कोल्चिसिन थांबवली, ॲलोप्युरिनॉल चालू. फाइलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे : रात्री अंगठा दुखायला लागला तर बर्फ, पाणी आणि सकाळी पहिल्या वेळेत फोन. डायक्लोफेनॅक नाही, आयब्युप्रोफेन नाही, दुकानातून ‘अंगदुखीची कुठलीही गोळी’ नाही. ॲलोप्युरिनॉल त्या दिवशीही घ्यायची.